पावसात भिजणारा जादूगार

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

"आधी हे वाचा, मग नावं ठेवा" अशी चिठ्ठी लावून तू पुस्तकांचा गठ्ठा ठेवून गेलीस, तेव्हा महिनाभर दुसरं काही हातात धरलं नाही. जादूगार, रक्तपिशाच्चं, झपाटलेले वाडे, सगळ्यांना भेटून झालं. आता नावं ठेवायचा हक्क मिळाला आहे, पण वाटलं होतं तेवढी ठेवावीशी वाटत नाहीत.

सगळ्यात जास्त रमलो ते ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त. पुस्तक १८९७ सालचं, आणि सगळं रोजनिशा, पत्रं, तारा यांतून सांगितलेलं. डॉक्टर आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून ठेवतो, जोनाथनची मीना ती टाइपरायटरवर उतरवते, शिवाय आगगाड्यांचं वेळापत्रक तिला तोंडपाठ. तो दाढीचा प्रसंग आठवतो ना? रक्तपिशाच्च काउंटच्या वाड्यात पाहुणा आलेला जोनाथन खिडकीपाशी आरसा टांगून दाढी करतोय, खांद्यावर हात पडतो, आणि आरशात मागे कोणीच नाही. दचकून वस्तरा लागतो, रक्त बघून काउंट पिसाळतो आणि पुढे आरसाच खिडकीबाहेर भिरकावतो. एवढं झाल्यावर जोनाथन रोजनिशीत वैतागून काय लिहितो? आता दाढी करायची कशी! घड्याळाच्या झाकणात बघून, की दाढीच्या भांड्याच्या बुडात? मी मोठ्यानं हसलो, आणि लगेच अंगावर काटाही आला. त्या भांड्यामुळेच मला तो काउंट खरा वाटला. (तुझी आई म्हणते, हल्ली मी दाढी करताना मागे वळून बघतो. खोटं आहे.)

उर्सुला ले ग्विनच्या १९६८ सालच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'तही मला असंच काहीतरी सापडलं. तू त्यातल्या सावलीबद्दल भरभरून बोलतेस, मला मात्र गुरू ओगियन आवडला. तो पाऊस वळवू शकतो, तरी वळवत नाही. पडायचा तिथे पडू देतो आणि दाट फांद्यांचं झाड गाठून त्याखाली खुशाल आडवा होतो. शिष्य गेड बाहेर झुडपांत ओलाचिंब, तोंड फुगवून बसलेला: असल्या गुरूच्या जादूचा उपयोग काय? तुझ्या वयात मीही हेच विचारलं असतं. पण जगाचा तोल बिघडू नये म्हणून हात आवरणारा जादूगार पहिल्यांदाच वाचला.

म्हणूनच तुझ्या त्या जाडजूड मालिकेशी माझं जमलं नाही. तिथे नायक अडकला की नवा मंत्र हजर. ज्या जादूची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही, तिच्या लढाईत माझा जीव टांगणीला कसा लागेल? नकाशे सुंदर आहेत, एवढं कबूल.

हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'वरून मात्र भांडूच. "शेवटी भूत होतं की नव्हतं ते सांगतच नाही, ही फसवणूक आहे," असं तू म्हणतेस. पण तळ्याकाठचा प्रसंग पुन्हा वाच. मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षिकेला पलीकडे आधीची, मेलेली शिक्षिका स्वच्छ दिसते, शेजारी उभ्या असलेल्या घरकारभारीण मिसेस ग्रोसला काहीच दिसत नाही. भूत खरं असेल तर मुलं संकटात आहेत, आणि नसेल तर मुलं या शिक्षिकेच्या ताब्यात आहेत. दुसरी शक्यता मला जास्त भीतीदायक वाटली. उत्तर दिलं असतं तर यांतली एक भीती कमी झाली असती, आणि मला दोन्ही हव्यात.

ज्या गूढकथेत शेवटच्या पानावर डॉक्टर येऊन सगळं समजावून सांगतात, तिच्याबद्दल मात्र काही लिहीत नाही. तुलाही ती आवडलेली नसणार.

पुढच्या महिन्याची यादी पाठव. भुतं कितीही चालतील, मालिका असली तर तिसऱ्या खंडाच्या आत संपणारी बघ. आणि तळ्याच्या प्रसंगाबद्दल तुझं म्हणणं फोनवर नको, सविस्तर लिहून कळव.

तुझे,
बाबा