दुसऱ्या बाकड्यापर्यंत

ती. सर,
सा. न. वि. वि.

तुमच्यासमोर आभार मानायला लागले की तुम्ही पाणीकपातीचा विषय काढता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय, आता ऐकून घ्यावंच लागेल.

तुम्ही माझे शिक्षक कधीच नव्हतात. समोरच्या बिल्डिंगमधले रिटायर्ड पी.टी.चे सर, एवढीच ओळख. मला एमएस झाल्याचं कळलं तेव्हा सोसायटीतल्या एका काकूंनी "अगं, सर्जन कधी झालीस?" विचारलं होतं. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, आणि दुसऱ्या दिवसापासून मला कुणी पाण्याचा तांब्याही उचलू देईना. "पडून राहा" हा मंत्र सगळ्यांच्या तोंडी. मलाही तो पटला होता. आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडतेय म्हटल्यावर उगाच हातपाय कशाला ताणायचे? शिवाय तो थकवा! रात्रभर झोपूनही सकाळी अंगावर ओली गोधडी टाकल्यासारखा. त्याला आळस म्हणणारेही भेटले, त्यांचं जाऊ दे.

तुम्ही मात्र आधी माझ्या फिजिओथेरपिस्टना भेटायचंय म्हणालात. मला हसू आलं होतं. पण तुम्ही वहीत लिहून घेतलंत, प्रश्न विचारलेत. पूर्वी डॉक्टरही या आजारात व्यायाम नको म्हणायचे, हे त्यांनीच सांगितलं. मग १९९६ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या अभ्यासात १५ आठवडे व्यायाम केलेल्या रुग्णांचा दम आणि ताकद दोन्ही वाढल्याचं दिसलं. आता तर झेपेल तसं वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत हालचाल व्हावी, असं तज्ज्ञ सांगतात. १५० ऐकून माझे डोळे पांढरे झाले. तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "उद्या गोल्फ क्लबच्या चालायच्या ट्रॅकवर जाऊ. दुसऱ्या बाकड्यापर्यंत."

खरंच दुसऱ्या बाकड्यापर्यंतच गेलो. मला वाटलं होतं, तुम्ही "अजून थोडं, अजून थोडं" करणार. आयुष्यभर पोरांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावलेला माणूस! पण तुमचा नियम उलटा निघाला: परतीची ताकद शिल्लक असतानाच वळायचं. वहीत तुम्ही कुठवर गेलो ते लिहीत नव्हता, घरी पोचल्यावर मला कसं वाटलं ते लिहीत होता. अर्ध्यातून वळलेला दिवसही त्यात "झाला" म्हणूनच नोंदलेला आहे. सर, मला चालायला लावणारे पुष्कळ होते. थांबले तर मान खाली न घालायला तुम्ही शिकवलंत.

एप्रिलमधली ती संध्याकाळ आठवते? ट्रॅक अजून तापलेला होता. उजव्या डोळ्यासमोर एकदम धूसर झालं. मला वाटलं, आला नवा अटॅक, संपलं सगळं. तुम्ही बाटलीतलं पाणी पंच्यावर ओतून तो माझ्या मानेभोवती गुंडाळलात आणि सावलीत बसवलंत. फिजिओंनी सांगितलेलं तुमच्या वहीत होतं: अंग तापलं की जुनी लक्षणं डोकं वर काढतात, अंग निवलं की उतरतात. उहथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने हे १८९० मध्येच नोंदवलंय. वीसेक मिनिटांत समोरचं झाड पुन्हा झाडासारखं दिसायला लागलं. तरी तुम्ही मला डॉक्टरांना फोन करायला लावलात, आणि दुसऱ्या दिवसापासून वेळ पहाटे सहाची केलीत. तुमचा रेडिओवरच्या भक्तिगीतांचा वेळ त्यात गेला, हे मला काकूंकडून कळलं.

परवा मी एकटीने पूर्ण फेरी मारली. मध्ये दोनदा बसले. वहीत तसंच लिहा.

सोमवारी सहाला गेटपाशी येते. पंचा मी आणेन. शिट्टी तेवढी घरी ठेवा, मागच्या वेळी सगळे आजोबा एकदम थांबले होते.

तुमची,
समोरच्या बिल्डिंगमधली, तिसरा मजला