सवाईतल्या अनोळखी मंडळींचे आभार

शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात स्वयंसेवक म्हणून बेळगावहून पुण्याला गेलेल्या आम्हा मंडळींकडून हे आभार. नावं माहीत नाहीत, म्हणून असे जाहीर.

माझी ड्युटी भारतीय बैठकीच्या दारावर. डोळे पासवर आणि कान आत, अशी अवस्था. शेजारच्या दारावरच्या काकू बडा ख्याल, म्हणजे रागाची संथ लयीतली मुख्य बंदिश, सुरू झाला की म्हणायच्या, "जा गं, ऐकून ये. दोन्ही दारं मी बघते." त्यांच्यामुळे एक अख्खा मारवा राग पदरात पडला. आत सतरंजीवर इंचभर जागा नव्हती, तरी एका आजोबांनी मांडी आवळून मला बसवलं, वर तालाची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आली की माझ्याकडे बघून मान डोलवायची! असा शेजार मिळायला नशीब लागतं.

धारवाडकडच्या कुंदगोळचे गायक सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य भीमसेनजी जोशी यांनी १९५३ साली सुरू केलेला हा उत्सव आम्हा सीमाभागातल्यांना घरचाच वाटतो. गायक कुमार गंधर्व, आमचे कुमारजीसुद्धा बेळगावजवळच्या सुळेभावीचेच की!

रात्री स्वारगेटपर्यंत स्कूटरवर सोडणारे दादा, तुमचेही आभार. आणि काकू, कुंद्याचा, आमच्या बेळगावच्या मिठाईचा, डबा तुमच्याकडेच राहू द्या, डिसेंबरात दुसरा आणते.