अल्बमचं पहिलं पान

पुणे, १८ एप्रिल

प्रिय आई, प्रिय बाबा,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या जावयांच्या हाती जे खोकं पाठवलंय त्यात पोट्टीचा अल्बम आहे. तो उघडण्याआधी हे पत्र वाचा. आई, तू खोकं आधीच सोडलं असणार, मला माहीत आहे. तरी आता खाली बस आणि बाबांना पत्र शेवटपर्यंत वाचून दाखव. त्यांच्या डोळ्याला अजून महिना व्हायचाय, त्यांना वाचायला लावू नकोस. बाबा, तुम्हीही चष्मा शोधू नका.

जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. दिवाळीत तुम्ही म्हणाला होता, अल्बम कर, छानच कर, पण ती घरी आली तिथून सुरू कर, त्याच्या मागचं काही नको. मी तसं केलेलं नाही. पहिल्या पानावर सगळं खरं लिहिलंय. ती फेब्रुवारीत जन्मली, पहिले सात महिने तिला संस्थेतल्या ताईंनी सांभाळलं, आम्ही साडेतीन वर्षं तिची वाट पाहिली, आणि सप्टेंबरात ती आमच्याकडे आली. एवढंच. शब्द साधे आहेत, तिला चौथ्या-पाचव्या वर्षी वाचून दाखवता येतील असे. पण आता ते बदलता येणार नाहीत. फोटोंच्या शेजारी न फुटणारी, न उडणारी पक्की शाईच वापरावी लागते, आणि मी त्याच शाईनं लिहिलंय.

बाबा, तुमचं ऐकलं नाही असं वाटून घेऊ नका. ऐकलं म्हणूनच तर दिवाळीपासून एप्रिल उजाडला. पाच वेळा कच्चं लिहून फाडलं.

माझ्या मैत्रिणींच्या बाळांच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर सोनोग्राफीचा फोटो असतो. आपल्याकडे तो नाही. मग मी विचार केला, त्या सात महिन्यांचं आपल्याकडे आहे तरी काय? एक पिवळं झबलं, एक खुळखुळा आणि लसीकरणाचं कार्ड. ते कार्ड मी किती वेळा वाचलं असेन! जन्माची बीसीजी, मग दीड महिन्याची, अडीच महिन्यांची, साडेतीन महिन्यांची लस, प्रत्येकीपुढे तारीख, आणि तारखेपुढे कुणीतरी पेनानं वजन लिहिलेलं. दोन किलो शंभर. तीन किलो दोनशे. चार किलो. पाच किलो शंभर. म्हणजे दर वेळी कुणीतरी तिला उचलून नेलं, काट्यावर ठेवलं, सुई टोचल्यावर ती रडली असेल तेव्हा खांद्यावर घेतलं. त्या बाईचं नाव मला माहीत नाही, पण तिचं अक्षर माझ्याकडे आहे. ते मी कसं वगळू? कार्डाची रंगीत प्रत काढून दुसऱ्या पानावर लावलीय आणि वजनांच्या खाली लाल दोऱ्यानं धावदोरा घातलाय, आई, तू शिकवलास तसा. मूळ कार्ड फाइलमध्येच आहे, काळजी करू नका.

तुम्ही म्हणता, जन्मदाखल्यावर आता आई-वडील म्हणून तुमचीच नावं लागलीत, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हातात आहे, मग कुणाला काय कळणार? खरं आहे. कायद्यानं ती पूर्णपणे आमची आहे, तुमची नात आहे. आदेश आला त्या दिवशी तुम्ही टेकडीच्या गणपतीला जाऊन पेढे ठेवलेत, हे आईनं मला गुपचूप सांगितलं. पण बाबा, कळतं. कुणी ना कुणी सांगतंच. तुम्ही सावनेरच्या मांडवातली गोष्ट मला एकदाच सांगितली होती, गच्चीवर, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही म्हणाला होता. मी काढत नाहीये. एवढंच म्हणते की त्या रात्री तुम्ही अकरा वर्षांचे होता, आणि मला सांगताना साठीचे होता, तरी तुमचा आवाज तसा झाला होता. आपल्या पोट्टीला ही गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून, जेवणाच्या पंगतीत कळू नये. तिला ती कधी कळली हे आठवूच नये, इतकी आधीपासून माहीत असावी.

आणि हे तुम्हीच मला शिकवलंय. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा आपल्या नागपूरच्या महाल भागातून जाताना तुम्ही भोसल्यांचा इतिहास सांगायचात. १८५३ मध्ये तिसरे रघूजी गेले, दत्तक इंग्रजांनी मानला नाही, आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. तिथे आलं की तुमचा आवाज चढायचा. दत्तक म्हणजे पुरता मुलगा, त्याला नाही म्हणणारे ते कोण, असं तुम्ही भर रस्त्यात म्हणायचात आणि मी तुमची करंगळी धरून मान डोलवायचे. मला तेव्हा काही कळत नव्हतं. आता कळतं, तुम्ही एवढे का चिडायचात.

बास. आता हे पुन्हा लिहीत नाही.

आई, आता तुझी माफी मागायची आहे. दिवाळीत निळ्या सुटकेसमधून मी फोटो आणलेत. तुला न विचारता. एकूण तेवीस. तो चिकट पानांचा, वर प्लास्टिकचा कागद असलेला अल्बम होता ना, त्यानं फोटोंची वाट लावलीय. त्या पानांचा गोंद पिवळा पडतो आणि फोटोला आतून खातो. तुमच्या लग्नातले दोन फोटो कडेनं गेलेच होते. मी एकही ओढून काढला नाही. दातांत घालतात तो मेणाचा बारीक दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू फिरवायचा, की फोटो सुटतो. एकेका फोटोला दहा-दहा मिनिटं लागली. बावीस जसेच्या तसे निघाले. महाराजबागेतला, तू अंजिरी साडीत आहेस तो, कोपऱ्यात जरा सोलला. तुझा चेहरा शाबूत आहे. मला फार वाईट वाटलं, त्या रात्री जेवले नाही. सगळ्यांच्या प्रती काढून घेतल्यात, मूळ फोटो लिफाफ्यांत घालून खोक्याच्या तळाशी ठेवलेत. मोजून घे.

प्रती काढल्यावर समोरासमोर लावत गेले. डाव्या पानावर मी फुटाळा तलावाच्या काठी मक्याचं कणीस खाताना, उजव्या पानावर ती तसंच दोन्ही हातांनी कणीस धरून. नाक वेगळं, रंग वेगळा, आणि बसायची तऱ्हा अगदी एक. आई, ती खाली बसताना एक पाय मुडपून बसते. तुझ्यासारखी. दिवाळीत आठ दिवस तुझ्यासमोर बसली होती, तिथूनच उचललं असणार.

कोणताही फोटो गोंदानं चिकटवलेला नाही, सगळे कागदी कोपऱ्यांत अडकवलेत, म्हणजे उद्या काढायचे झाले तर काढता येतील. कागद आम्लरहित घेतलाय, दहा इंची चौकोनी, जाड. बारा इंचीही मिळतो, पण तो मांडीवर घेऊन बसायला आईच्या गुडघ्यांना जड झाला असता. पानांच्या मध्ये पट्ट्या घातल्यात, त्यामुळे झबलं आणि जावळाची पुडी असूनही अल्बम फुगत नाही. अक्षरं मोठी काढलीत, बाबांना सहज वाचता यावीत म्हणून. आजीच्या नागपुरी लुगड्याचा काठ पुठ्ठ्यावर लावलाय. बाबा, तुम्ही जूनमध्ये आमच्या पुस्तकांना बांधणी करायचात, मैद्याच्या खळीत मोरचूद टाकून, म्हणजे कसर लागत नाही. मलाही तीच खळ करायची होती, तो वास हवा होता. पण मोरचूद विषारी, आणि ही दिसेल ते तोंडात घालते. म्हणून पांढरा गोंद वापरला. तुमच्यासारख्या सरळ कडा मला आल्या नाहीत.

हाताचा ठसा घ्यायला चार दिवस लागले. मूठ उघडायचीच नाही. शेवटी झोपेत घेतला, म्हणून करंगळी वाकडी आलीय.

आता नीट ऐका. अल्बम कूलरच्या खोलीत ठेवायचा नाही. ती ओली हवा लागली की पानं वेडीवाकडी होतात आणि फोटो एकमेकांना चिकटतात. माळ्यावर तर मुळीच नाही, मे महिन्यात वर भट्टी असते. देवघराच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, मधल्या खणात, आडवा ठेवा. डांबराच्या गोळ्या शेजारी नकोत. बघायला काढाल तेव्हा हात कोरडे हवेत, आणि आई, तेलाचे नकोत. शेजारच्या काकूंना दाखवायचा असेल तर जरूर दाखव. त्यांनी पहिलं पान वाचून काही विचारलं तर सांग, हो, अशीच आली आमच्याकडे. तुला जमेल ते. माझ्यावर सोडलंस तरी चालेल.

आणि कूलरचं निघालंच आहे तर, त्यात पाणी भरताना आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मग हात लावायचा. बाबा, तुम्ही भरायचं नाही. खस बदलायला माणूस बोलवा, स्टुलावर चढायचं नाही. डोळ्यात थेंब चार वेळा. प्रेशरची गोळी सकाळची सकाळीच घ्या, जेवण झाल्यावर आठवली म्हणून दुपारी नाही. अकराच्या पुढे बाहेर पडू नका. पडलातच तर दुपट्टा बांधा, आणि खिशात कांदा ठेवला म्हणजे झालं असं समजू नका, पाणीही प्या. आई, कैऱ्या आल्यात, पन्हं करून ठेवत जा. जावयांसाठी गोळाभात कर, ते महिन्यापासून नाव काढून राहिलेत, पण तो पितळी गंज भरून एकटीनं उतरवू नकोस, त्यांनाच हाक मार. कुरड्यांचा घाट या वर्षी घालूच नकोस. मुगवड्या पाठवल्यास तर खाईन, पण तू उन्हात बसून घातलेल्या नकोत.

मे महिन्यात आम्ही येत नाही. हेही ठरवून टाकलंय आणि हे सांगणं मला पहिल्यापेक्षा जड जातंय. तुम्ही पाळण्याची दोरी बदलून ठेवलीत, आजोबांच्या खोलीला रंग दिलात, मला दादाकडून कळलं. पण नागपूरचा मे तुम्ही मला सांगायला नको. पारा ४५च्या वर गेला की आपल्यालाच दुपार काढता येत नाही, आणि तिला गेल्या महिन्यात ताप येऊन गेलाय. डॉक्टर नको म्हणाले नाहीत, निर्णय माझाच आहे. रागवा, पण फोन घ्या. तिचं सगळं ठीक आहे. मऊ वरणभात दोन वाट्या खाते, वर साजूक तूप. तिळाच्या तेलानं मालिश रोज होतं. तू शिवलेल्या दुपट्याशिवाय झोपत नाही, ते धुवायला टाकलं की दोरीखाली उभी राहून रडते. काजळ डोळ्यांत घालत नाही, रागावू नकोस, पण कानामागे तीट रोज लावते, तुझं नाव घेऊन.

आम्ही पोळ्याला येऊ. पाच दिवस राहू. तान्ह्या पोळ्याला ती दीड वर्षाची असेल, दोरी धरून बैल ओढेल. बाबा, लाकडी बैल तुम्हीच घ्यायचा, चाकांचा, फार मोठा नको, आणि रंग कच्चा नाही ना, ते ओल्या बोटानं घासून बघा. शेवटच्या दोन पानांना मी हात लावलेला नाही. एकावर बैलासोबतचा फोटो आणि दुसऱ्यावर बोजाऱ्याची, म्हणजे बैल दाखवल्यावर मिळणाऱ्या पैशांतली, पहिली नोट लावू. ती नोट तुम्ही द्यायची.

आणखी एक. चौथ्या पानावर तुमचा फोटो आहे, टोपडं घातलेला, तुमच्या काकूंच्या मांडीवरचा. सुटकेसच्या अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. मागे पेन्सिलीनं तारीख आहे, आईचं अक्षर नाही, तुमचंही नाही. त्याच्या समोरचं पान कोरं ठेवलंय. ते तुमचं. काय लिहायचं, मी सांगत नाही. काकूंबद्दल लिहा, पोट्टीला दोन शब्द लिहा, नुसती सही करा. काहीच लिहावंसं वाटलं नाही तर कोरं राहू द्या, मी कधी विचारणार नाही. खोक्यात काळ्या शाईचं पेन ठेवलंय, त्यानंच लिहा, बॉलपेननं नको, त्याची शाई पसरते. डोळा पूर्ण बरा झाल्यावर लिहा, घाई नाही. दिवसा, खिडकीपाशी बसून. लिहून झालं की दहा मिनिटं पान उघडं ठेवा, आणि पेनाचं टोपण घट्ट लावून ते आडवं ठेवा.

तुमची,
छकुली