घरच्या संगणकाची सुरक्षा दुकानातच ठरते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सायबर फसवणुकीच्या बातम्या आता आपल्या दैनिकात जवळपास रोज असतात आणि बहुतेक बातम्यांच्या शेवटी ओटीपी कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, असा इशाराही असतो. इशारा रास्तच आहे. परंतु तो मोबाइल डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. ज्या संगणकावर मुलांचे प्रकल्प, सोसायटीचे हिशेब, आयकराची विवरणपत्रे, सातबाऱ्याचे उतारे आणि दहा-पंधरा वर्षांचे फोटो साठवलेले असतात, त्या घरच्या संगणकाविषयी फारसे कोणी बोलत नाही. घरोघरचे संगणक दुरुस्त करणे हाच माझा व्यवसाय असल्याने या विषयाची एक बाजू वाचकांपुढे मांडावीशी वाटते, आणि ती आमच्याच व्यवसायाला अडचणीची आहे. घरच्या संगणकाची सुरक्षा बहुतेक वेळा तो घरात येण्यापूर्वीच, दुकानाच्या टेबलावर ठरून गेलेली असते.

संगणक मंद झाला की ग्राहक तो ‘फॉरमॅट मारायला’ आणतो. दुकानातील मुलगा खिशातला पेन ड्राइव्ह लावतो, तासाभरात नवी विंडोज टाकतो आणि शेवटी ‘ॲक्टिव्हेटर’ म्हणून ओळखले जाणारे एक छोटे सॉफ्टवेअर चालवतो. मोठ्या कार्यालयांतील शेकडो संगणकांचे परवाने एकत्र सांभाळता यावेत म्हणून मायक्रोसॉफ्टची केएमएस नावाची व्यवस्था आहे; हे सॉफ्टवेअर त्या व्यवस्थेचे सोंग घेऊन विंडोजला फसवते. ते चालावे म्हणून विंडोजमधला डिफेंडर हा अँटिव्हायरस आधी बंद करावा लागतो, आणि त्याने पुढे कधी ते पकडू नये म्हणून या ॲक्टिव्हेटरचे फोल्डर तपासणीतून कायमचे वगळले जाते. एखाद्या अपडेटमुळे सोंग उघडे पडू नये, यासाठी अनेक ठिकाणी अपडेटची सेवाही बंद करून टाकतात. संगणक घरी परततो तेव्हा झटपट चालत असतो, त्यामुळे ग्राहक खूश असतो. त्याच्या संरक्षणाची जी साधने विंडोजबरोबर फुकट आली होती, ती सगळी मोडीत निघालेली असतात, हे त्याला कोणी सांगत नाही.

यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट लॅपटॉपची आहे. विंडोज ८ च्या काळापासून नामांकित कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये, विंडोजसह तो घेतला असेल तर, परवान्याची किल्ली मदरबोर्डमध्येच नोंदवलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मिळणारी तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि इंटरनेट जोडले की ती आपोआप अधिकृत होते; एक पैसाही लागत नाही. तरीही पेन ड्राइव्हमध्ये जी ‘प्रो’ आवृत्ती तयार असते तीच सरसकट सगळ्यांना टाकली जाते आणि ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या अस्सल परवान्यावर चोरीचा माल चढवला जातो. सुटे भाग जुळवून केलेल्या संगणकांची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे परवान्याचे काही हजार रुपये वेगळे मोजावे लागतात आणि ग्राहकच ते नको म्हणतो. अशा वेळी दुकानदाराला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. तथापि, हे सांगायला हवे की किल्ली न टाकलेल्या विंडोजलाही सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात. कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट करा’ अशी पुसट सूचना दिसते, इतकेच. परवान्याच्या दृष्टीने हेही योग्य नाही. पण धोक्याचा हिशेब केला तर क्रॅकपेक्षा, म्हणजे परवाना चुकवणाऱ्या अशा चोरट्या उपायापेक्षा, ते बरे.

अशा उघड्या संगणकाचे पुढे काय होते, ते एका प्रकाराच्या तपशिलातून सांगतो. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखले जाणारे खंडणीचे सॉफ्टवेअर बड्या कंपन्यांच्या वाटेला जात नाही. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे घरगुती वापरकर्ता. ते प्रामुख्याने क्रॅक, फुकटचे ॲक्टिव्हेटर आणि खेळांच्या चोरट्या प्रती यांच्या पोटातून येते. घरातील मुलगा व्हिडिओ संपादनाचे महागडे सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून उतरवून घेतो, ‘अँटिव्हायरस बंद करा’ ही सूचना त्याला सवयीचीच झालेली असते, आणि थोड्या वेळाने पडद्यावर विंडोज अपडेट चालू असल्याची खिडकी येते. ती खोटी असते. अपडेट ज्या संगणकावर कित्येक महिने बंद आहे, त्यावर अपडेटच्या नावाखाली एकेक फाइल कुलूपबंद होत असते. काम संपले की फोटोंची चित्रे जाऊन त्या जागी कोरी पांढरी चिन्हे येतात, प्रत्येक फाइलच्या नावाला बहुधा चार अक्षरांचे शेपूट लागते आणि फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी सापडते. तिच्यात अनेकदा ९८० डॉलरची मागणी असते आणि ७२ तासांत संपर्क केल्यास निम्म्यात, म्हणजे ४९० डॉलरमध्ये, काम होईल असे आमिषही असते.

ग्राहक तेव्हा आमच्याकडे येतो आणि ‘काहीतरी करून फोटो तेवढे काढा’ म्हणतो. या क्षणी घाईने फॉरमॅट मारणे सर्वांत वाईट. एम्सिसॉफ्ट या कंपनीने या प्रकारातील काही फाइल सोडवणारे साधन मोफत उपलब्ध करून दिले. पण हल्ल्याच्या वेळी संगणकाचा गुन्हेगारांच्या सर्व्हरशी संपर्क झाला असेल, तर त्या संगणकापुरती स्वतंत्र किल्ली तयार होते आणि अलीकडच्या प्रकारांत ती त्यांच्याखेरीज कोणाकडे नसते. संपर्क झाला नसेल तर अनेकांना सामाईक असलेली किल्ली वापरली जाते आणि ती कधी तरी हाती लागण्याची शक्यता उरते. शिवाय हे सॉफ्टवेअर वेळ वाचवण्यासाठी प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे दीडशे केबी भागच कुलूपबंद करते. फोटोसाठी तो घाव मोठा असतो, मात्र लग्नाचा तासाभराचा व्हिडिओ काही वेळा दुरुस्त होऊ शकतो. म्हणून ती हार्ड डिस्क जशीच्या तशी काढून बाजूला ठेवावी आणि नव्या डिस्कवर काम सुरू करावे. ‘नो मोअर रॅन्सम’ हा युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे. त्याच्या संकेतस्थळावर फाइल सोडवणारी मोफत साधने तपासता येतात. सगळे पासवर्ड मात्र त्याच दिवशी, दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत, कारण याच्याबरोबर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा जोडीदारही अनेकदा आलेला असतो.

अपडेटचे महत्त्व पटवायला २०१७ सालचे एक उदाहरण पुरे आहे. वॉनाक्राय हा खंडणीचा हल्ला ज्या छिद्रातून शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिले होते. हल्ला १२ मे रोजी झाला. मधले जवळजवळ दोन महिने ज्यांनी ते घेतले नाही, त्यांचे संगणक दीडशे देशांत अडकले. अपडेटवरच अविश्वास असणारे त्याच वर्षीच्या जूनमधील नॉटपेट्या या हल्ल्याकडे बोट दाखवतील. तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला आणि मर्स्क या जहाजवाहतूक समूहामार्फत त्याची झळ आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनललाही लागली. आक्षेप खोटा नाही. परंतु एकदा आत शिरल्यावर इतर संगणकांवर पसरण्यासाठी त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक वाट मार्चमधील त्याच अपडेटने बंद होत होती.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे, कारण विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही संगणकातील सुरक्षेची चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे व्यवस्थित चालणारे असंख्य घरगुती संगणक एका रात्रीत ‘जुने’ ठरले. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, आणि सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवल्यास पैसेही पडत नाहीत. ज्यांचे काम ब्राउझर, पत्रे आणि हिशेबाच्या तक्त्यांपुरते आहे, त्यांनी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली जरूर पाहावी. मराठी टंकलेखन तिच्यात विनासायास होते. जुन्या फाँटसाठी आणि पेजमेकरसाठी विंडोज ७ जपून बसलेल्या डीटीपी करणाऱ्या मंडळींची अडचण मला समजते. त्यांनी तो संगणक ठेवावा, पण इंटरनेटची वायर काढून ठेवावी.

आता घरी काय करावे, हे थोडक्यात लिहितो, कारण यातले बरेचसे एकदाच करायचे असते. रोजच्या वापरासाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचे, म्हणजे मर्यादित अधिकारांचे, खाते काढावे आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खात्याचा पासवर्ड घरातील एका जाणत्या माणसाकडे ठेवावा. या एका बदलाने माझ्या ग्राहकांचे जितके नुकसान टळले, तितके कोणत्याही विकतच्या अँटिव्हायरसने टळलेले मी पाहिलेले नाही. फाइलच्या नावातील शेवटचे शेपूट विंडोज मुळात लपवून ठेवते; ते दिसेल अशी सोय करावी, म्हणजे पीडीएफचे चिन्ह लावून आलेली ‘ईएक्सई’ फाइल, म्हणजे उघडताच चालू होणारे सॉफ्टवेअर, ओळखू येते. बॅकअप एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्यावा आणि घेऊन झाल्यावर डिस्क काढून कपाटात ठेवावी. कायम जोडून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच कुलूपबंद होते, आणि ‘बॅकअप होता हो, पण तोही गेला’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे.

अलीकडे एक नवी क्लृप्ती आली आहे. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असे म्हणत एखादे पान आपल्याला विंडोजचे बटण आणि ‘आर’, मग ‘कंट्रोल’ आणि ‘व्ही’, आणि शेवटी ‘एंटर’ दाबायला सांगते. त्या पानाने आपल्या नकळत कॉपी करून ठेवलेली आज्ञा अशा रीतीने आपण स्वतःच चालवतो. खरी पडताळणी असे काहीही करायला लावत नाही. तसेच भोंगा वाजवत पडदा व्यापणारी ‘तुमचा संगणक बाधित आहे, या क्रमांकावर फोन करा’ ही सूचना दिसली, तर फोन न करता संगणक बंद करावा. सांगितल्यावरून एनीडेस्क हे दुरून संगणक हाताळण्याचे सॉफ्टवेअर टाकून पलीकडच्याला आत घेऊ नये. पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

आमच्या व्यवसायातील संघटनांकडे माझी मागणी अशी की विंडोज टाकून दिल्यावर बिलावर आवृत्ती, परवान्याचा प्रकार आणि अपडेट व डिफेंडर चालू असल्याची नोंद लिहिण्याचा दंडक सर्व सभासदांनी पाळावा. एमएस-सीआयटीसारखे अभ्यासक्रम राज्यात २००१ पासून लाखो लोकांनी केले आहेत. त्यांत स्टँडर्ड खाते काढणे आणि सुट्या डिस्कवर बॅकअप घेऊन तो परत उतरवून दाखवणे यांना प्रात्यक्षिकात भरपूर गुण असावेत. ग्राहकांनीही संगणक ताब्यात घेताना दुकानातच सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’ उघडून ‘चेक फॉर अपडेट्स’चे बटण दाबून पाहावे. ते चालले नाही, तर पैसे देण्यापूर्वी कारण विचारावे.

आपला विश्वासू,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, सातारा