दादा, शेवटच्या तारखेपासून मागे मोजायला तुम्ही शिकवलंत

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचे व्हॉइस मेसेज आता माझ्याखेरीज आणखी तिघांच्या फोनमध्ये आहेत. एकात मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. दुसऱ्यात तुम्ही गाडी चालवता चालवता कुणाला तरी शिवी हासडता आणि लगेच "तर काय सांगत होतो, लीव्ह बॅलन्स" असं म्हणून मूळ पदावर येता. अमेरिकी लष्करात मराठी डॉक्टर असून असून असणार किती, पण बाहेर पडायचं ठरवलं की जो तो तुमचाच नंबर शोधतो. म्हणून हे पत्र खाजगी न ठेवता सगळ्यांसमोर लिहितेय. आभार तुमचे आणि ज्यांना हिशेब हवा आहे त्यांच्यासाठी हिशेबही.

आपण दोघं एकाच दारातून आत आलो. व्हिसावरच्या डॉक्टरांना वर्दी आणि त्याबरोबर लवकर नागरिकत्व देणारी 'मॅव्हनी' नावाची योजना २००९ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये तिची भरती थांबली. त्या फटीतून आपल्यासारखे काहीजण सटकन आत शिरले. आत कसं जायचं हे सांगणारे भरती अधिकारी होते, माहितीपत्रकं होती, हसतमुख फोटो होते. बाहेर कसं पडायचं हे सांगणारं मात्र कुणी नव्हतं. तसा बाहेर पडणाऱ्यांसाठीचा कार्यक्रम असतो, तो वर्षभर आधी सुरू करावा लागतो आणि मी तो इमानेइतबारे केला. त्यात बायोडेटा कसा लिहावा ते शिकवलं. आठ वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या फिजिशियनला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मी तुम्हाला पहिल्यांदा फोन केला. राजीनाम्याचा अर्ज लिहून तयार होता. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "रजा किती शिल्लक आहे?" मला वाटलं, गप्पांची सुरुवात म्हणून विचारताय. मी म्हटलं, साठेक असेल. तुम्ही म्हणालात, "साठेक नको. पगाराचा कागद काढ आणि आकडा वाच."

एकसष्ट पूर्णांक पाच.

मग तुम्ही मला तो एलईएस, म्हणजे पगार आणि रजेच्या हिशेबाचा कागद, आठ वर्षांनी पहिल्यांदा वाचायला लावलात. महिन्याला अडीच दिवस जमा, म्हणजे वर्षाला ३०. ३० सप्टेंबरला ६० च्या वर जे असेल ते एरवी बुडतं. कोविडच्या काळात ती मर्यादा १२० पर्यंत वाढवली होती. रजेवर असतानाही महिन्याचे अडीच दिवस जमा होतच राहतात. ३१ ऑगस्ट २०२२ ही शेवटची तारीख धरली तर दहा महिन्यांचे आणखी २५ येणार. हिवाळ्यात दहा दिवस घेणार होते, ते वजा. उरले साडेशहात्तर. "आता कॅलेंडर घे," तुम्ही म्हणालात, "आणि ३१ ऑगस्टवर बोट ठेवून मागे मागे ये." रजेत शनिवार-रविवार आणि सुट्ट्याही मोजल्या जातात, हे ध्यानात ठेवून मी शहात्तर दिवस मागे आले. बोट १७ जूनवर थांबलं. सैन्यातला माझा शेवटचा कामाचा दिवस १६ जून असू शकतो, हे मला फोनवर, भाजी चिरता चिरता, तुमच्याकडून कळलं.

मी तर ती सगळी रजा विकायचं ठरवलं होतं, आठवतं? एकरकमी पैसे येतील, घराच्या डाउन पेमेंटला होतील. त्यावर तुम्ही क्षणभर गप्प झालात आणि मग स्वतःची गोष्ट सांगितलीत. २०१७ मध्ये तुम्ही पूर्ण ६० दिवस विकलेत. आयुष्यभरात एवढेच विकता येतात. शुक्रवारी वर्दी उतरवलीत आणि सोमवारी नव्या क्लिनिकमध्ये हजर झालात. रजा विकली की दिवसाला मिळतो तो फक्त मूळ पगाराचा तिसावा भाग, त्यातूनही कर कापून. घरभाडं नाही, जेवणभत्ता नाही आणि डॉक्टरांना जे खास भत्ते असतात, स्पेशालिटीचे, बोर्डाचे, त्यातलं काहीच नाही. तीच रजा घेतली तर शेवटच्या तारखेपर्यंत सगळंच्या सगळं चालू. "शिपायाचं विकण्यात कमी नुकसान होतं, डॉक्टरचं जास्त," असं तुम्ही म्हणालात, कारण आपल्या पगारात मूळ पगाराबाहेरचाच वाटा मोठा. हे गणित मी स्वतः मांडायला हवं होतं. ड्रिपचा दर झोपेतही काढते, आणि स्वतःचा पगार आठ वर्षं न वाचता फायलीत टाकत होते.

आता इथे माझ्या त्यावेळच्या विभागप्रमुखांबद्दल. नाव घेत नाही, आणि दोष द्यावा असंही फार नाही. मी १७ जूनचा अर्ज नेला तेव्हा ते म्हणाले, तीस दिवस घे, उरलेली विकून टाक. उन्हाळा म्हणजे बदल्यांचा हंगाम. निम्मा विभाग एकाच वेळी सामान बांधत असतो, नवा माणूस जुलैत येणार. "तुझ्या रात्री कोण करणार?" असं त्यांनी विचारलं आणि मी मान खाली घालून बाहेर आले. त्या रात्री तुम्हाला लिहिलं, जाऊ दे, तीस तर तीस.

तुमचं उत्तर दोन शब्दांनी सुरू झालं: भीड भिकेची. पुढची म्हण तुम्ही पूर्ण केली नाहीत, गरजही नव्हती. मग थंडपणे समजावलंत. रजा कमावलेली आहे, पण ती कधी घ्यायची हे कमांडरच्या मर्जीवर असतं, त्यामुळे हक्काची भाषा करायची नाही. विभागप्रमुख शिफारस करतो, सही वरची असते. तोंडी 'नाही' ऐकून परत यायचं नाही, अर्ज कागदावर द्यायचा आणि त्यासोबत दुसरा पर्याय आपणच ठेवायचा, म्हणजे समोरच्याला 'हो' म्हणायला जागा राहते. मी १ जुलैपासूनची ६२ दिवसांची रजा मागितली आणि जूनमधल्या जास्तीच्या सहा रात्री स्वतःहून घेतल्या. मंजूर झाली.

त्यानंतरही मला चैन नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. जुलैत माझ्या वाटच्या रात्री दोन सहकाऱ्यांनी केल्या. त्या दोघींना माझ्या हिशेबाचा त्रास झाला, हे खरंच आहे, आणि तुम्ही तेव्हा "होतंच असं" म्हणून तो विषय उडवून लावलात ते मला आजही पटत नाही. त्यांचे आभार मी वेगळे मानले आहेत, इंग्रजीत आणि केकसकट.

बाकी सूचना तुम्ही एकामागून एक सोडत गेलात, कधी रात्री अकराला. घर आणि नोकरी शोधायला म्हणून रजेबाहेरचे वीस दिवस मिळतात, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. तुम्ही तो भ्रम एका वाक्यात संपवलात: ते निवृत्त होणाऱ्यांना किंवा ज्यांना लष्कर स्वतः काढतं त्यांना, आपण होऊन जाणाऱ्याला नाही. बरं झालं, मागून हसं करून घेतलं नाही.

लायसन्सची गोष्ट मात्र तुमच्याशिवाय माझं घोडं हमखास अडवणारी होती. लष्करात कुठल्याही एका राज्याच्या परवान्यावर कुठल्याही तळावर काम करता येतं, त्यामुळे मी आठ वर्षं तो एकच परवाना नूतनीकरण करत राहिले. नवी नोकरी दुसऱ्या राज्यात. तिथला परवाना हवा, आणि मादक औषधं लिहिण्यासाठीची डीईएची, म्हणजे अमेरिकेच्या अमली पदार्थ नियंत्रण खात्याची, नोंदणीही त्या राज्याची, स्वतःच्या पैशाची. लष्करातली माझी फी-माफीची नोंदणी सरकारी कामापुरतीच होती, हे त्या कागदावर लिहिलेलं असूनही मी वाचलं नव्हतं. तीन वर्षांचे ८८८ डॉलर भरताना हात जड झाला. त्यात रुग्णालयाची कागद-तपासणी आणि विमा कंपन्यांकडची नोंद, यांना तीन-चार महिने सहज जातात. तुम्ही फेब्रुवारीतच मागे लागलात म्हणून १ ऑगस्टला मी रुजू होऊ शकले. नाहीतर रजा संपली असती, पगार थांबला असता आणि मी परवान्याची वाट बघत घरी बसले असते.

पण खरे आभार गुडघ्याचे.

तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ, गुडघ्याशी तुमचा संबंध नाही. पण एकदा बोलता बोलता मी म्हटलं की जिना उतरताना कळ येते, पाठीवर ओझं घेऊन केलेल्या चालीपासून, पाचेक वर्षं झाली. तुम्ही विचारलंत, कुठे दाखवलास? मी म्हटलं, ऑर्थोवाल्याला, कॉरिडॉरमध्ये. त्याने दोन्ही बाजूंनी दाबून बघितला, "लिगामेंट ठीक आहे, आयबुप्रोफेन घे" म्हणाला आणि लिफ्टमध्ये शिरला. आपल्यातला प्रत्येक डॉक्टर असाच बरा होतो, कॉरिडॉरमध्ये, कागदाशिवाय. तुम्ही म्हणालात, "तू रोज रेसिडेंटना सांगतेस ना, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही? मग तुझ्या फायलीत गुडघा आहे का?" नव्हता. पाठही नव्हती. रात्रपाळ्यांनी बिघडलेली झोप तर मी आजार म्हणून धरलीच नव्हती. त्यावर तुम्ही बराच वेळ बोललात, ते इथे लिहीत नाही.

जानेवारीत मी पहिल्यांदा रीतसर अपॉइंटमेंट घेऊन पेशंटसारखी वेटिंग रूममध्ये बसले. समोरच्या तरुण सार्जंटने मला ओळखलं आणि त्याला फार मजा वाटली. एमआरआय झाला, नोंद झाली. सेवा संपायला १८० ते ९० दिवस उरले असतानाच माजी सैनिकांच्या खात्याकडे सेवेत जडलेल्या दुखण्यांच्या भरपाईचा आगाऊ दावा टाकता येतो आणि पुढचे ४५ दिवस तपासण्यांना हजर राहावं लागतं, म्हणजे रजेवर निघून जाण्याआधीच हे उरकायला हवं. माझी खिडकी मार्चच्या सुरुवातीला उघडून २ जूनला बंद होणार होती. मी एप्रिलअखेर दावा टाकला. कितीजण ही खिडकी चुकवतात मला माहीत नाही, पण माझ्या ओळखीतले दोघे चुकले आहेत, आणि दोघेही डॉक्टर.

सामान परत करतानाचा दिवस तुम्ही आधीच वर्णन करून सांगितला होता, तरी मी फजीत झालेच. दोन डफल बॅगा आठ वर्षं गॅरेजमध्ये न उघडता पडलेल्या. आतली स्लीपिंग बॅग कोरी करकरीत, आणि पाण्याच्या बाटलीखालचा तो पत्र्याचा पेला गायब. काउंटरवरच्या गृहस्थांनी पेल्याचे पैसे लावले. हेल्मेट घासून स्वच्छ करून नेलं होतं, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

आणि डीडी-२१४. सेवा संपल्याचा दाखला, शेवटचा तो कागद, ज्याच्यावर पुढे सगळं चालतं. तुम्ही म्हणाला होतात, मसुदा हातात आला की आधी मधलं नाव बघ. बघितलं तर वडिलांच्या नावातला एक 'एच' गळला होता, आणि एका पदकाची नोंदही. सही करण्याआधी होतं म्हणून दहा मिनिटांत दुरुस्त झालं. सहीनंतर त्याच कामाला वेगळा दुरुस्तीचा फॉर्म आणि महिनोन्‌महिने लागतात. आपली मधली नावं इथल्या क्लार्कच्या हातात कधी सुखरूप राहत नाहीत, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर.

जुलैत मी आईकडे तीन आठवडे जाऊन आले. तेही परदेश प्रवासाची रीतसर परवानगी काढून, कारण रजेवर असले तरी ३१ ऑगस्टपर्यंत मी लष्करी अधिकारीच होते आणि लष्कराचे कायदे मला लागू होते. हेही तुम्हीच बजावलं होतंत, आणि रजेतल्या नव्या नोकरीसाठी कमांडरची लेखी मंजुरी घे, लष्कराचं कायदेशीर संरक्षण बाहेरच्या पेशंटना लागू नाही तेव्हा नव्या ठिकाणच्या विम्याचा कागद आधी हातात घे, हेसुद्धा. आईकडे पहिले चार दिवस मी नुसती झोपले. पाचव्या दिवशी पहाटे तीनला पेजर वाजल्यासारखं वाटून उठले आणि अंधारात चष्मा शोधत बसले. आई म्हणाली, कुणी बोलावलंय का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग झोप.

३१ ऑगस्टच्या रात्री बाराला माझी सेवा संपली तेव्हा मी नव्या रुग्णालयात ड्यूटीवर होते आणि एका आजीबाईंच्या पोटॅशियमशी भांडत होते. घड्याळ बघायचं राहूनच गेलं.

सप्टेंबरात शेवटचा हिशेब आला. आता तुमच्या सवयीने मी आधी रजेच्या रकान्यांवर नजर टाकते. विकलेल्या रजेखाली १४.५ असं छापलं होतं. तुमच्या वेळी तिथे ६० होते, हे तुम्ही मला चार वेळा सांगितलं आहे, आणि चारही वेळा हसून.

तुमची,
एक माजी मेजर