चित्रातला पतंग आणि पानावरचा पतंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या परसबागेच्या पानावर नुकतीच कोबी-फ्लॉवरवरील ‘राखाडी पतंगा’ची माहिती आली होती. मजकूर उपयुक्त होता, पण सोबतचे छायाचित्र पंख पसरून टाचणीने टोचलेल्या पतंगाचे होते. बागेत हा पतंग तसा कधीच दिसत नाही. शिवाय त्याची ओळख पटवणारी मुख्य खूण पंख मिटल्यावरच तयार होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्याला आपल्याकडे चौकोनी ठिपक्यांचा पतंग म्हणतात आणि शास्त्रज्ञ प्लुटेला झायलोस्टेला म्हणतात, त्याचे पंख पसरले तरी रुंदी साधारण 12 ते 15 मिलिमीटरच भरते. पुढच्या प्रत्येक पंखाच्या आतल्या कडेला फिकट, नागमोडी पट्टा असतो. पतंग बसला की दोन्ही पंख पाठीवर छपरासारखे मिटतात, दोन्ही पट्ट्यांच्या कडा एकमेकींना भिडतात आणि पाठीच्या मधोमध शंकरपाळ्याच्या आकाराचे तीन फिकट ठिपके उमटतात. नरात ते अधिक ठळक दिसतात. पंख उघडताच शंकरपाळे मोडते आणि उरतो तो कोणताही एक मातकट पतंग. बाजूने पाहिल्यास पंखांची टोके कोंबड्याच्या शेपटीसारखी किंचित वर वळलेली दिसतात आणि मिशा पुढे सरळ रोखलेल्या असतात. संध्याकाळी कोबीच्या रोपाला हलका धक्का दिला, तर हे पतंग भुरकन उडून जवळच्याच पानावर पुन्हा बसतात. तेव्हा वरून पाहावे.

एवढे बारकाईने सांगण्याचे कारण असे की, घरात दिव्याभोवती घुटमळणारा प्रत्येक करडा पतंग बागेतूनच आला असे आमच्या सोसायटीत मानले जाते. भिंतीवर काकडीच्या बीसारखी चपटी, दोन्ही टोकांना उघडी, धुळीची पिशवी सरपटताना आपण सर्वांनी पाहिली असेल. त्या पिशवीतली अळी कोळिष्टके, केस आणि लोकर यांवर जगते. तिचा पतंगही राखाडीच, पण कोबीशी त्याचा काहीही संबंध नाही. त्याच्यापायी गच्चीवरील कुंड्यांवर औषध मारणारे गृहस्थ मी पाहिले आहेत.

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस माझ्या गच्चीवरील कोबीच्या एका पानावर शिरेलगतच्या खोलगट भागात फिकट पिवळी, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान अंडी भिंगातून दिसली. पान बरणीत ठेवून वर मलमल बांधली आणि रोज ताजे पान देत गेलो. चौथ्या दिवशी अंडी फुटली. पहिले एक-दोन दिवस अळ्या दिसल्याच नाहीत, कारण त्या पानाच्या आत शिरून दोन पापुद्र्यांमधला गर खात होत्या. नंतर त्या पानाच्या खालच्या बाजूला आल्या आणि वरचा पारदर्शक पापुद्रा शिल्लक ठेवून पान खरवडू लागल्या, त्यामुळे पानाला बारीक खिडक्या पडल्यासारखे दिसू लागले. अळी पोपटी, मध्ये जाड व दोन्हीकडे निमुळती आणि पूर्ण वाढल्यावर जेमतेम सेंटिमीटरभर लांब असते. तिला काडीने स्पर्श केला की ती वळवळत मागे सरकते आणि रेशमी धाग्यावरून खाली लोंबकळते. कोबीवरील इतर अळ्यांपासून ती वेगळी काढायला ही एकच परीक्षा मला पुरेशी वाटते. चार अवस्था पार करून ती पानावरच जाळीदार कोष विणते. आतली हिरवट पुपा, म्हणजे अळी आणि पतंग यांच्यामधली निश्चल अवस्था, त्या जाळीतून स्पष्ट दिसते. माझ्या बरणीतला पहिला पतंग एकविसाव्या दिवशी बाहेर पडला. उन्हाळ्यात हे चक्र आणखी लवकर पूर्ण होते, आणि एक मादी शंभरावर अंडी घालत असल्याने एकाच हंगामात कितीतरी पिढ्या होतात.

या वेगाचाच परिणाम म्हणजे औषधांना न जुमानण्याची या किडीची ख्याती. डीडीटीला दाद न देणारी पिकांवरील पहिली कीड म्हणून तिची नोंद 1953 मध्ये जावा बेटावरून झाली. पुढे जिवाणूजन्य बीटी फवाऱ्यालाही शेतात पुरून उरणारी ती पहिलीच ठरली. चार कुंड्यांसाठी दर आठवड्याला तेच औषध मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पतंग स्वतः फुलांतला मधुरस पितो, पान खाते ती अळी. तेव्हा उडणाऱ्या पतंगावर फवारा मारून पानाची खालची बाजू कोरडी ठेवण्यात काहीच हशील नाही. घरगुती बागेत खिडक्या पडलेली पाने तोडणे, अळ्या हाताने वेचणे आणि गरजेपुरता निंबोळी अर्क पानाखालून फवारणे एवढे पुरते. शेतात कोबीच्या दर 25 ओळींमागे मोहरीच्या ओळी लावण्याची शिफारस आहे, कारण मादीला अंडी घालायला मोहरी अधिक आवडते; गच्चीवर मोहरीची एक कुंडीही ते काम थोडेफार करते.

बरणीतल्या सात अळ्यांपैकी एक पतंग न होताच सुकली आणि तिच्याशेजारी तांदळाच्या कणीएवढा पांढरा, मऊ कोष दिसला. तो एका चिमुकल्या गांधीलमाशीचा होता, जिची अळी या अळीच्या पोटात वाढते. असे पांढरे कोष किडीची अंडी समजून चिरडले जातात, हे मी शेजारच्याच गच्चीवर पाहिले आहे.

तेव्हा विनंती अशी की, या पतंगाविषयी पुन्हा छापाल तेव्हा पंख मिटून बसलेल्या पतंगाचे वरून घेतलेले छायाचित्र द्यावे आणि शक्य झाल्यास त्याच्या शेजारी त्या पांढऱ्या कोषाचेही.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, नाशिक