ती वाट मुलांना चालू द्या

फिलिपिन्समधील शालेय सहलींवरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. मनिलातील किल्ला, चर्च, उद्यान आणि मनिलाजवळच्या कावितमधील क्रांतिनेते आगिनाल्दो यांचे घर एकाच दिवसात उरकण्याचे त्यातील कौतुक पटले नाही. ३० डिसेंबर १८९६ रोजी फिलिपिन्सचे राष्ट्रनायक, लेखक होसे रिझाल यांना स्पॅनिश राजवटीत गोळ्या घालण्यात आल्या. सांतियागो किल्ल्यातून ते वधस्थळाकडे चालत गेले, त्या वाटेवर ब्राँझची पावले बसवली आहेत. कामानिमित्त मनिलात असताना एक शाळकरी मुलगा त्या ठशांत आपले पाऊल ठेवून बघताना मी पाहिला. तेवढ्यात शिक्षकांनी त्याला बसकडे पिटाळले. आजच्या रिझाल उद्यानापर्यंतची ती वाट मुलांना सावकाश चालू द्यावी. कावितसाठी वेगळा दिवस काढावा. १२ जून १८९८ ची, स्पेनपासूनच्या स्वातंत्र्याची घोषणा तिथलीच आहे.

– एक वाचक, पुणे